रोबो खाली, माणूस वर आणि मधे एक कॅमेरा

मुंब्र्याजवळ रेंज गेली की ज्यांचा एपिसोड अडकतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना आलेले "म्हणजे कसं आहे ना" बरेचसे काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच आहे.

कल्याणच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. प्रश्न साधा होता: "दादा, मॅनहोल साफ करायला रोबो आलेत म्हणतात. मग माणसं अजून आत का उतरतात?" याची उत्तरं बरीच आहेत. पैसा, कंत्राटदार, अरुंद गल्ल्या, आणि "बघू उद्या". त्यातलं एकच उत्तर मी आज घेणार आहे, कारण माझं रोजचं काम व्हिडिओ स्ट्रीमिंगचं आहे आणि या उत्तराबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ते म्हणजे कॅमेरा कुठे बसवलाय.

"एवढंच?" असं वाटेल. थांबा जरा.

आधी हे का महत्त्वाचं आहे ते बघू. ऑक्टोबर २०१८ मधे डोंबिवलीच्या खंबाळपाडा भागात ड्रेनेजच्या चेंबरमधे तीन कामगार गेले. आठवडाभरात, १ नोव्हेंबर २०१८ ला, कल्याणच्या चक्की नाक्याजवळ एका विहिरीत पाच जण गेले. एक उतरला, तो वर आला नाही म्हणून त्याला काढायला दुसरे उतरले, आणि त्या पाचांत अग्निशमन दलाचे दोन जवानही होते. मे २०१९ मधे ठाण्यात ढोकाळीला एका सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत तीन सफाई कामगार गेले. ही सगळी ठिकाणं आपल्या रिक्षाच्या मीटरमधली आहेत. माणसाला असं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मधे अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मधे ती तीस लाख केली. माणूस मात्र आत उतरतोच, कारण वर उभं राहून खाली काय चाललंय ते कळत नाही, आणि खाली उतरलं की कळतं. माझ्या मते सगळा तिढा इथे आहे. यंत्राने काम करायचं तर वरच्या माणसाला ते "कळणं" स्क्रीनवर द्यावं लागतं.

भारतात यावरचं सगळ्यात माहीत असलेलं यंत्र म्हणजे बँडिकूट. केरळमधल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या काही मित्रांनी जेनरोबोटिक्स ही कंपनी काढली आणि २०१८ मधे हा रोबो आणला. नाव घुशीवरून ठेवलंय, कामही तसलंच. त्याचे दोन भाग असतात. एक स्टँड, जो मॅनहोलच्या तोंडावर रस्त्यावर उभा राहतो आणि ज्यावर स्क्रीन आणि कंट्रोल असतात. दुसरा भाग आत सोडला जातो. तो पाय फाकवून भिंतींना धरतो आणि हाताने गाळ, दगड, प्लास्टिक उपसतो. त्याला अंधारात बघणारे कॅमेरे आणि विषारी वायू ओळखणारे सेन्सर आहेत. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, जे कामगार पूर्वी आत उतरायचे त्यांनाच हे चालवायचं प्रशिक्षण दिलं जातं. म्हणजे ज्या माणसाला गाळ हाताला कसा लागतो हे माहीत आहे, त्याच्याकडे आता फक्त चित्र आहे. हात गेला, नाक गेलं (नाक गेलं हे बरंच झालं), पायाखालचा अंदाज गेला. उरला कॅमेरा.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्यातले निम्मे बीजीएमआय खेळतात, म्हणून तिथूनच सुरू करू. त्यात दोन मोड असतात, एफपीपी आणि टीपीपी. एफपीपीमधे खेळाडूच्या डोळ्यातून दिसतं. टीपीपीमधे कॅमेरा त्याच्या मागे, थोडा वर तरंगतो. टीपीपीमधे भिंतीआड बसूनसुद्धा पलीकडचं दिसतं, म्हणून कॅम्पर लोकांना तो आवडतो. पण नेम धरायचा असेल तर तुम्ही स्कोप उघडता, म्हणजे परत डोळ्यात जाता. ही अदलाबदल तुम्ही दिवसात शंभर वेळा विचार न करता करता. रोबोच्या बाबतीतही हाच झगडा आहे, फरक एवढाच की तिथे हवेत तरंगणारा कॅमेरा फुकट मिळत नाही. गेममधे अख्खं जग कॉम्प्युटरला आधीच माहीत असतं, म्हणून तो कुठूनही चित्र काढून देतो. मॅनहोलमधे जिथे खरोखर कॅमेरा टांगलाय तिथूनच दिसणार.

समजा कॅमेरा रोबोच्या मनगटावर बसवला. पंजा कशाकडे चाललाय हे छान दिसतं, पण ज्या क्षणी पंजा वस्तूजवळ जातो, त्याच क्षणी तो स्वतःच वस्तू झाकतो. शिवाय मनगट फिरलं की अख्खं चित्र फिरतं, आणि दोन-तीन वळणांनंतर वर कुठे, खाली कुठे, रस्ता कोणत्या बाजूला, काही सांगता येत नाही. आणि कोपर? ते तर चित्रातच नाही. कोपर भिंतीला घासतंय हे ऑपरेटरला कळतं तेव्हा बहुतेक आवाजानेच.

बरं, मग कॅमेरा वर लावू, खाली बघणारा. आता अख्खा हात दिसतो, भिंती दिसतात, डावं-उजवं पक्कं. पण वरून बघताना एक गोष्ट पूर्ण गायब होते: खोली. बादली गाळापासून वीतभर वर आहे की गाळात रुतलीये, दोन्ही चित्रं जवळजवळ सारखीच. गच्चीवरून खाली उडणाऱ्या पतंगाकडे बघा. तो तुमच्या खाली तिसऱ्या मजल्याजवळ आहे की पहिल्या, ठामपणे सांगता येणार नाही. ज्या दिशेने कॅमेरा बघतो, त्याच दिशेतलं अंतर तो सगळ्यात वाईट सांगतो. म्हणून बाजूने दाखवणारा दुसरा कॅमेरा लागतो, पहिल्याशी काटकोनात. दोन्ही चित्रं मिळून गोष्ट पूर्ण होते.

पण दोन चित्रं म्हणजे डोक्याला दुप्पट काम. प्रत्येक वेळी नजर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेली की मेंदू ते चित्र मनात फिरवून जुळवतो. हे फिरवणं फुकट नसतं, आणि ते मोजलेलंही आहे. १९७१ मधे रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, दोन्ही एकच आकृती आहे का? एक आकृती दुसरीपेक्षा जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला जास्त वेळ लागला, आणि वाढ अगदी सरळ रेषेत. न फिरवलेल्या जोडीला सेकंदाच्या आसपास, पूर्ण उलट्या जोडीला चार सेकंदांच्या पुढे. जणू लोक मनातल्या मनात ती वस्तू हाताने फिरवत होते.

हे तुम्ही रोज अनुभवता. कल्याण स्टेशनला पश्चिमेला उतरून मॅप उघडलात आणि मॅप उत्तरेला वर ठेवून बसला असेल, तर काही लोक फोनच गोल फिरवतात, काही स्वतः गोल फिरतात आणि मागून येणारी गर्दी त्यांना शिव्या घालते. मॅपमधे "मी बघतोय ती दिशा वर" असं सेटिंग असतं ते याच्यासाठीच. रोबोकॉन किंवा कॉलेजच्या टेक फेस्टमधे रोबो पळवलेल्यांना तर हे फार चांगलं माहीत आहे. रोबो तुमच्यापासून लांब जात असतो तोवर सगळे हिरो. तो वळून तुमच्याकडे तोंड करून यायला लागला की डावं म्हणजे उजवं होतं. मैदानावर तुम्ही निदान स्वतः उभे तरी असता. स्क्रीनवर तेवढाही आधार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न रोबोंच्या आधी दवाखान्यात आलाय. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेली एखादी मावशी-काकू प्रत्येकाच्या घरात आहे. पोटाला बारीक छिद्रं पाडून लांब दांड्याची हत्यारं आत घालतात. दांडा छिद्रापाशी तरफेसारखा फिरतो, म्हणून सर्जनचा हात डावीकडे गेला की आतलं टोक उजवीकडे जातं. त्यात कॅमेरा धरलेला असतो सहायकाने. सहायकाचा हात जरा गोल फिरला की स्क्रीनवरचं पोट तिरकं. सर्जन वर्षानुवर्षं सरावाने हे पचवतात. दा विंची या सर्जिकल रोबोला अमेरिकेत २००० मधे मंजुरी मिळाली. त्याच्या कौतुकात लोक "रोबो ऑपरेशन करतो" म्हणतात, पण रोबो स्वतःहून काहीच करत नाही. त्याने केलेल्या मोठ्या गोष्टींपैकी एक म्हणजे नजर आणि हात परत जुळवले. सर्जन कन्सोलमधे डोकावतो, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात म्हणून खोली कळते, हात डावीकडे तर टोकही डावीकडे, आणि कॅमेरा कुठे न्यायचा हे पॅडल दाबून सर्जन स्वतःच ठरवतो. कॅमेरा हलवणारा आणि हत्यार हलवणारा एकच माणूस. साधी गोष्ट वाटते, पण सहायकाला "वर... नाही, थोडं खाली... अरे एवढं नाही!" म्हणत बसलेल्या सर्जनला विचारा.

आता उंचीबद्दल. हा माझा लाडका विषय आहे, त्यामुळे चंद्रावर जाऊ. सोव्हिएत युनियनची लुनोखोद-१ ही गाडी १९७० च्या नोव्हेंबरमधे चंद्रावर उतरली. पृथ्वीवर बसलेली टीम ती चालवत होती. चित्रं एकामागून एक सावकाश यायची, आणि समोरचे कॅमेरे खाली बसवलेले. खाली बसवलेल्या कॅमेऱ्याला जमीन लांबट, चपटी दिसते. दगडामागचा खड्डा दगडच झाकतो. सहा वर्षांचं पोर डोंबिवली फास्टच्या डब्यात उभं केलं तर त्याला काय दिसेल? बॅगा आणि बेल्ट. दरवाजा किती लांब आहे ते त्याला सांगता येणार नाही. १९७३ मधे लुनोखोद-२ गेली तेव्हा तिच्यावर वाट बघण्यासाठी तिसरा कॅमेरा उंच लावला होता. चांद्र गाडीवर प्रत्येक ग्रॅम मोजून न्यावा लागतो, तरीही त्यांनी तो नेला.

आपल्या प्रज्ञानचंही बघा. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. प्रज्ञानच्या पुढे दोन नेव्हिगेशन कॅमेरे होते, दोन डोळ्यांसारखे. त्यांच्या चित्रांवरून जमिनीच्या चढ-उताराचा नकाशा बनवायचा, त्यावर वाट आखायची, आणि मग आज्ञा पाठवायची. कॅमेऱ्याला विश्वासाने दिसायचं ते साधारण पाच मीटर, म्हणून एका वेळची वाटही तेवढीच. २७ ऑगस्टला समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला आणि गाडी मागे फिरवली. आणि तुम्ही सगळ्यांनी स्टेटसला ठेवलेला तो व्हिडिओ आठवा, ज्यात प्रज्ञान जागेवर गोल फिरतोय. तो प्रज्ञानने काढलेला नाही. विक्रम लँडरच्या कॅमेऱ्याने काढलाय. शुद्ध टीपीपी! रोबोला स्वतःचं अख्खं अंग सहसा दिसत नाही, त्याला बघायला दुसरं कोणीतरी असलेलं बरं.

हीच युक्ती फुकुशिमात कामाला आली. १७ एप्रिल २०११ ला तिथल्या अणुभट्टीच्या इमारतीत पॅकबॉट रोबो पाठवले, जोडीने. एक दार उघडतोय, दुसरा मागे उभा राहून त्याला दाखवतोय. ऑपरेटरला पंजा आणि दाराची कडी यातलं अंतर दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून कळायचं. एक अख्खा महागडा रोबो नुसता बघ्या म्हणून ठेवणं म्हणजे उधळपट्टी, असं ऑफिसात बसून म्हणता येतं. आत किरणोत्सर्ग असताना दार उघडलं नाही तर माणूस पाठवावा लागतो, हे एकदा लक्षात आलं की मग म्हणवत नाही.

पुण्याच्या दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बनवलेला दक्ष हा बॉम्ब हाताळणारा रोबो डिसेंबर २०११ मधे लष्कराकडे गेला. त्याच्यावरही एक नाही, अनेक कॅमेरे आहेत. तो जिने चढतो, आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट लागू होते, जी कुठल्याही चाकांच्या रोबोला लागू आहे. कॅमेरा रोबोच्या अंगाला घट्ट बसवलेला असतो. रोबो एका बाजूला कलला की कॅमेराही तेवढाच कलतो. स्क्रीनवर रोबोची स्वतःची कड सरळच दिसते, मागचं जग तिरकं दिसतं, आणि अंधाऱ्या खोलीत किंवा ढिगाऱ्यात सरळ काय आणि तिरकं काय हे दाखवणारी एकही रेघ नसेल तर ऑपरेटरला कललेलं कळतच नाही. तुम्ही स्वतः कलला असतात तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेने लगेच सांगितलं असतं. ऑपरेटरचे कान मात्र खुर्चीत आहेत. यावर उपाय म्हणजे चित्र सेन्सरच्या मदतीने गुरुत्वाकर्षणाप्रमाणे सरळ करून दाखवायचं. मग रोबो कलला की त्याचं अंग स्क्रीनवर कललेलं दिसतं, आणि जीव आपोआप घाबरतो. घाबरणं इथे उपयोगाचं आहे. तुमच्या फोनमधे हा सेन्सर आहे, आडवा धरला की व्हिडिओ आडवा होतो तो त्यामुळेच. दोन-तीनशे रुपयांचा मामला.

दिव्याचं राहिलं. बहुतेक ठिकाणी दिवा कॅमेऱ्याला चिकटून लावतात, दिसायला सुटसुटीत. पण दिवा आणि डोळा एकाच जागी असले की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि चित्र चपटं होतं. सावली हाच तर खोलीचा फुकटचा पुरावा! पंजा आणि पंजाची सावली एकमेकांना भेटली की समजायचं, टेकला. मॅनहोलमधे तर वाफ असते. पावसाळ्यात माळशेज घाटात ढगात हाय बीम लावून बघितलंय का? समोर पांढरी भिंत. ड्रायव्हर लो बीम लावतो, फॉग लॅम्प खाली असतो, ते याच कारणाने. दिवा कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला सरकवला तर चित्र जास्त सांगतं. खर्च शून्य.

आणि वाइड अँगल. "सगळं दिसू दे" म्हणून लोक फिशआय लेन्स लावतात. सगळं दिसतं, पण लांब दिसतं. गाडीच्या आरशावर लिहिलेलं असतं ना, दिसतात त्याहून वस्तू जवळ आहेत, तसंच. अरुंद लेन्स लावली तर उलट. नळीतून बघितल्यासारखं, समोरचं अचूक, पण बाजूने काय येतंय त्याचा पत्ता नाही. यात बरोबर असं काही नाही, काम कोणतं त्यावर आहे. चालताना रुंद, पकडताना अरुंद. एकच लेन्स दोन्हीला लावणं म्हणजे चपला घालून ट्रेकला आणि लग्नालाही.

शेवटी माझ्या धंद्याचा मुद्दा, उशीर. चित्र यायला वेळ लागला की माणूस आपोआप एक पद्धत धरतो: थोडं हलव, थांब, बघ, परत हलव. विल्यम फेरेल आणि थॉमस शेरिडन यांनी हे १९६० च्या दशकातच दाखवलं होतं. सप्टेंबर २००१ मधे न्यूयॉर्कमधल्या सर्जनने फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या पेशंटचं पित्ताशय रोबोने काढलं, तेव्हा जाऊन-येऊन उशीर साधारण १५५ मिलिसेकंद होता, म्हणजे निभावण्याजोगा. मॅनहोलच्या रोबोला तर केबल आहे, माणूस शेजारी उभा आहे, उशीर नगण्य. तरीही आमच्या क्षेत्रात मीटिंग होते ती याच्यावर: बिटरेट किती, रेझोल्यूशन किती, फोर-के का नाही. कॅमेरा मुळात कुठे लावायचा हे कोणीतरी ब्रॅकेटला जिथे भोक मिळालं तिथे ठरवून टाकतो. चुकीच्या जागेवरून फोर-के दिसलं तर चुकीचीच जागा अधिक स्पष्ट दिसते. मला विचाराल तर साध्या रेझोल्यूशनचे, योग्य जागचे दोन कॅमेरे मी केव्हाही घेईन.

म्हणून त्या व्हॉइस नोटवाल्या मित्राला माझं उत्तर असं: महापालिका यंत्र घेते तेव्हा टेंडरमधे "कॅमेरा: होय" एवढं असून भागत नाही. डेमो कोरड्या, नव्या चेंबरवर होतो, ऊन असतं, कंपनीचाच माणूस चालवतो. डेमो भर पावसाळ्यात, जुन्या डोंबिवलीतल्या एखाद्या गल्लीत, वाफाळलेल्या चेंबरवर व्हावा, आणि चालवणारा तो असावा ज्याला पुढे रोज चालवायचंय. त्याने मधेच वाकून चेंबरच्या तोंडातून आत डोकावलं, तर समजा स्क्रीन कमी पडतेय. तो किती वेळा डोकावतो हे मोजा. तोंडाशीही वायू असतोच.

आणि आता घरी करून बघायचा खेळ. दोन फोन, दोन मित्र. एक स्वयंपाकघरात डोळे मिटून उभा राहील, ओट्यावर रिकामा ग्लास, हातात चमचा. दुसरा बाहेरच्या खोलीत व्हिडिओ कॉलवर, तो बोलून हात चालवेल: डावीकडे, पुढे, खाली. चमचा ग्लासात टाकायचा. पहिल्यांदा फोन त्याच्या छातीला धरा. मग फडताळावर ठेवा, बाजूने दिसेल असा. मग समोर, त्याच्या तोंडाकडे बघणारा. प्रत्येक वेळी सेकंद मोजा आणि ग्लास स्टीलचा घ्या, आई काचेचा देणार नाही आणि देऊही नये. समोरच्या फोनला तुमचा वेळ कितीने वाढला ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमधे सगळ्यांचे आकडे वाचून दाखवतो.